परतीची वही

सकाळचे साडेदहा वाजले की माझी भाची घड्याळाकडे बघायची.

परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या गावोगावच्या माणसांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधार देते. ताई तिला घेऊन तिथंच उतरली होती. एक पत्र्याची पेटी, दोन चटया, औषधांची पिशवी आणि पेटीच्या झाकणाला टेकवून उभं केलेलं सहावीचं बालभारती, एवढाच त्यांचा संसार. साडेदहाला गावाकडच्या शाळेत परिपाठ सुरू व्हायचा. ‘आता प्रार्थना झाली असंल,’ ती म्हणायची. थोड्या वेळानं म्हणायची, ‘आता हजेरी.’ मग काही वेळ बोलायचीच नाही. आपल्या नावाशी बाई थांबतात, का पुढं जातात, हा विचार तिच्या डोक्यात चालू असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा आणि वेळेवर उपचार झाले तर बहुसंख्य मुलांमध्ये बरा होणारा प्रकार. पण हे उपचार लांबलचक असतात. पहिले सहा-आठ महिने कडक, मग गोळ्यांचा लांब टप्पा, असे मिळून दोन-अडीच वर्षं. पहिल्या टप्प्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली येतात की वर्गातल्या कुणाच्या साध्या सर्दीनंही मूल दवाखान्यात भरती होतं. म्हणून शाळा बंद. कायमची नाही, काही महिन्यांची. ‘काही महिन्यांची’ हे शब्द ऐकायला हलके वाटतात. अकरा वर्षांच्या मुलीला ते किती जड जातात, ते त्या पेटीशेजारी बसल्यावर समजतं.

महिना उलटला तसा गावाकडून फोन आला. शाळेचं म्हणणं साधं होतं: मूल महिनाभर आलेलं नाही, पटावर कसं दाखवायचं? दाखला घेऊन जा, मुंबईत एखाद्या शाळेत घाला. ताईला काय बोलावं सुचेना. ज्या मुलीला गावातल्या तीस पोरांच्या वर्गात बसायची मनाई, ती मुंबईतल्या साठ पोरांच्या वर्गात कशी बसणार? फोन ठेवून ती मला म्हणाली, ‘अगं, पोरीचं नाव कमी करायचं म्हणतायत.’ आजाराचं निदान सांगताना ताईचा आवाज जसा झाला होता, तसाच आवाज मी त्या वेळी पुन्हा ऐकला.

पटावरची जागा

त्या फोनमागे कुणाचा दुष्टपणा नव्हता. आपल्या व्यवस्थेत अशा मुलासाठी रकानाच नाही, हे खरं कारण. महाराष्ट्रात जे मूल कधी शाळेत गेलेलं नाही ते शाळाबाह्य. आणि जे दाखल आहे पण सलग एक महिन्याहून जास्त काळ गैरहजर आहे, तेही शाळाबाह्यच धरलं जातं. ही व्याख्या चांगल्या हेतूनं केलेली आहे. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, गुरांमागे गेलेलं मूल शोधून परत आणावं म्हणून ती आहे. पण त्याच व्याख्येत सलाईन लावून पडलेलं मूलही येतं आणि पाय प्लास्टरमध्ये घालून माडीवर बसलेलं मूलही.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र विकलांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाची यादी वाढवून एकवीस प्रकारांवर नेली. त्यात थॅलेसेमिया आला, हिमोफिलिया आला, सिकलसेल आला. नंदुरबार आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या आदिवासी घरांसाठी सिकलसेलचा समावेश फार मोलाचा आहे. या आजाराची मुलं वर्षातून पुनःपुन्हा दुखण्यानं अंथरुणाला खिळतात. पण कर्करोग त्या यादीत नाही. मोडलेलं हाड नाही, कावीळ नाही, क्षयाचे सुरुवातीचे आठवडे नाहीत. आणि ते तिथं नसणं बरोबरही आहे, कारण ही मुलं दिव्यांग नाहीत. ती फक्त थोड्या काळासाठी दूर आहेत. त्या ‘थोड्या काळा’चं काय करायचं, हा प्रश्न उरतो. बहुतेक वेळा तो आईच्या पदरात पडतो.

तेरा लाख चौरस किलोमीटरची शाळा

दूर असलेल्या मुलाला शिकवायचं कसं, या प्रश्नाला जगानं फोन-संगणकाच्या कितीतरी आधी हात घातला होता. मला त्यातल्या दोन गोष्टी पुनःपुन्हा आठवतात.

पहिली ऑस्ट्रेलियाची. त्या देशाच्या मधल्या कोरड्या मुलखात गुराढोरांची एकेक वसाहत शेजारच्या वसाहतीपासून शंभर-शंभर किलोमीटर दूर. तिथल्या लोकांसाठी विमानातून फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा होती, आणि त्या डॉक्टरांना बोलवायला पायानं पॅडल मारून वीज निर्माण करणारे रेडिओ होते. एडलेड मिएथके या शिक्षिकेच्या मनात आलं, की डॉक्टरला हाक मारायचं यंत्र शिक्षकाला का चालू नये? १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज इथून ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाली. तिचा मुलूख सुमारे तेरा लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्रासारखी चार राज्यं सहज मावतील एवढा.

सुरुवातीला तिथले धडे एकतर्फी होते. शिक्षिका बोलायच्या, मुलं ऐकायची. लवकरच लक्षात आलं की हे अपुरं आहे, आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवली गेली. दूरवरच्या घरातलं मूल रेडिओचं बटण दाबून बोलू लागलं आणि शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या मुलांना ते ऐकू येऊ लागलं. त्या क्षणी त्या रेडिओची शाळा झाली, असं मला वाटतं. पुढं उपग्रह आले, पडदे आले. पण मुलाजवळ बसणारं घरचं एक माणूस आणि मुलाच्या घरापर्यंत प्रवास करून जाणारे शिक्षक, या दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या शिकागोची. १९३७ च्या सप्टेंबरात तिथं पोलिओची साथ आली आणि शाळा उघडायच्या वेळी उघडल्याच नाहीत. तेव्हा तिसरी ते आठवीच्या तीन लाखांवर मुलांसाठी शहरातल्या रेडिओ केंद्रांवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ सुरू झाले. कोणत्या इयत्तेचा कोणता विषय किती वाजता आणि त्यावर काय लिहायचं, हे वर्तमानपत्रं रोज सकाळी छापायची. पालकांच्या शंकांसाठी शिक्षक फोनवर बसवले होते आणि पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले. दोन-तीन आठवड्यांचा हा प्रयोग. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ती मुलं मागं पडली, ज्यांना ऐकून समजायला वेळ लागायचा तीही मागं पडली. त्र्याऐंशी वर्षांनी आपण जे अनुभवलं, त्याची आधीच काढून ठेवलेली रूपरेषाच ती.

शाळा बंद होती तेव्हा

मार्च २०२० मध्ये करोनामुळं आपल्या शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीची मुलं पुन्हा वर्गात बसली ती डिसेंबर २०२१ मध्ये. मधले जवळपास वीस महिने. पहिलीत गेलेलं मूल वर्ग न बघता तिसरीच्या उंबरठ्यावर आलं.

त्या वीस महिन्यांत महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी आणि संस्थांनी जी धडपड केली, तिची नीट नोंद व्हायला हवी. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. रोज सकाळी शिक्षकांच्या गटांतून पालकांच्या फोनवर त्या दिवसाचा अभ्यास यायचा. ‘दीक्षा’ ॲपवरचे व्हिडिओ त्याला जोडलेले असायचे. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं पण टीव्ही होता, त्यांच्यासाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतले घटक घरातल्या, परसातल्या वस्तू घेऊन करून बघायचे, अशी तिची रचना होती. धडा वाचून दाखवणं तिनं टाळलं, मुलांना उठवलं, हात चालवायला लावले. त्या मालिकेचं मोठेपण त्यात होतं.

पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तर टीव्हीही दुर्मीळ. तिथं दिगंत स्वराज फाउंडेशननं ‘बोलकी शाळा’ आणली. ध्वनिक्षेपक पाड्यावर न्यायचा, मुलांना अंतर राखून बसवायचं आणि ध्वनिमुद्रित पाठ लावायचा. कविता, गोष्टी, इंग्रजीची तोंडओळख. त्या पेटीतला आवाज मुलांना प्रश्न विचारायचा आणि मुलं मोठ्यानं उत्तर द्यायची. पेटीला ते उत्तर ऐकू येत नव्हतं. पण पेटीबरोबर आलेल्या कार्यकर्त्यांना येत होतं, आणि चुकलेलं उत्तर ते तिथंच दुरुस्त करून घ्यायचे.

सोलापूरच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. अक्षरं, पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या. कामगारांची वस्ती, फोन असला तर तो वडिलांबरोबर कामावर जायचा. भिंत मात्र दिवसभर घरीच. मुलं जाता-येता वाचायची, वहीत उतरवून घ्यायची, वाटेत शिक्षक भेटले की विचारायची.

आणि माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून धड्याचा आवाज आणि चित्र मुलाच्या घरापर्यंत पोहोचवायचा त्यांचा प्रयोग महामारीच्या कितीतरी आधीचा. पुढं राज्याच्या पुस्तकांवरही ते चौकोनी ठसे आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. वर्ग भरत नसतानाही शिक्षण चालू ठेवायची तयारी एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकानं आधीच करून ठेवली होती, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

एवढं सगळं होऊनही मुलं मागं पडली. ‘असर’ या शैक्षणिक पाहण्या ते आकड्यांत सांगतात. ग्रामीण भारतात शाळेत दाखल असलेल्या मुलांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये ६१.८ आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के. तीन वर्षांत फोन जवळपास दुपटीनं वाढले. पण २०२१ च्या त्याच पाहणीत दिसलं की फोन असलेल्या घरांतल्याही साधारण चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो येतच नव्हता. आणि २०२२ मध्ये शाळा उघडल्यावर वाचन तपासलं, तेव्हा दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मधल्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ वर आली होती. पाचवीत हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ वर घसरलं होतं. घरात यंत्र आलं, वाचन मात्र गेलं.

मी त्या काळात साताऱ्याकडच्या काही गावांत फिरले होते. जिथं मुलं टिकली होती, तिथं एक गोष्ट हमखास दिसायची. कुणीतरी वही तपासायला येत होतं. कुठं शिक्षक आठवड्यातून दोनदा गृहभेटीला यायचे आणि ओसरीवर बसून वह्या बघायचे. कुठं बारावी झालेली आळीतली पोरगी संध्याकाळी चार पोरं गोळा करायची. अभ्यास फोनवर आला, टीव्हीवर आला, भिंतीवर आला की भोंग्यातून आला, यानं थोडाच फरक पडत होता. मुलानं केलेलं काम बघून कुणी ‘हे बरोबर, हे परत कर’ असं सांगत होतं का, यानं सगळा फरक पडत होता. एका आजीनं मला सांगितलं, ‘पोरगं लिहून ठिवतंय रोज. पर बघायला कुणी न्हाई म्हनून आता लिहायचंबी सोडलंय.’ तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण नातवाचं कुठं अडलं ते तिनं नेमकं ओळखलं होतं.

शाळा उघडली, आणि…

शाळा उघडल्या आणि आपण सुटकेचा श्वास टाकला. तो टाकायलाच हवा होता. पण त्या सुटकेत एक मोठी चूक झाली. दूर असलेल्या मुलापर्यंत पोहोचायच्या ज्या वाटा वीस महिन्यांत पडल्या होत्या, त्या आपण गवत वाढायला सोडून दिल्या. पालकांचे गट सूचनांपुरते उरले. गृहभेटी कागदावर आल्या. सगळ्यांची शाळा बंद होती तेव्हा सारं राज्य वाट काढायला धावलं. एकट्या मुलाची शाळा बंद होते तेव्हा कुणीच धावत नाही.

आणि अशी एकटी मुलं दरवर्षी असतात. दिवाळी झाली की बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्याला जोडी लागते, लहानग्यांना सांभाळायला थोरली मुलगी लागते. ही मुलं कारखान्याजवळच्या कोप्यांवर राहतात आणि परततात ती मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर. त्यांच्यासाठी नव्वदच्या दशकात साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं आली, जिथं जाईल तिथल्या शाळेत बसू द्यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. कार्ड हातात असतं, पण कोपीपासूनची शाळा चार किलोमीटरवर असते आणि टोळी पहाटे फडात गेलेली असते. गावच्या शाळेतले गुरुजी या पाच महिन्यांत एकदाही त्या मुलाशी बोललेले नसतात. त्यांच्याकडे फोन असतो, मुलाच्या बापाकडेही असतो. फक्त बोलायचं कुणी, कधी आणि काय, हे कुणी ठरवून दिलेलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडालं. दप्तरं चिखलात गेली, शाळांच्या खोल्यांत छावण्या लागल्या. त्या आठवड्यांची भरपाई मुलांनी आपली आपण केली. त्यांच्याशिवाय झाडावरून पडून पाय मोडलेले, काविळीनं झोपलेले, घरात मोठं दुखणं आल्यानं धाकट्या भावंडांकडे बघायला थांबलेले असे कितीतरी. एखाद्या वर्गात एका वेळी असं एकच मूल असतं, म्हणून त्याची योजना होत नाही. राज्यभरातल्या वर्गांची बेरीज केली तर एक मोठी शाळा भरेल.

बाईंनी काय केलं

भाचीचं नाव कमी झालं नाही, ते तिच्या वर्गशिक्षिकेमुळं. त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्या ताईला म्हणाल्या, ‘वहिनी, दाखला काढू नका. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी पाठवा. बाकीचं मी बघते.’

त्यांनी जे केलं, त्यात नवल वाटावं असं काहीच नव्हतं. फळा पुसायच्या आधी त्या फोटो काढायच्या. दिवसाला चार फोटो, त्यातही फक्त मराठी आणि गणित. संध्याकाळी तीन-चार मिनिटं बोलून ध्वनिमुद्रण पाठवायच्या: आज काय झालं, त्यात अवघड काय होतं आणि तू कोणतं एकच उदाहरण सोडवायचंस. बाकीच्या विषयांचं त्या म्हणाल्या, ‘भूगोल कुठं पळून जात नाही.’

दोन महिन्यांनी एक अडचण आली. उपचारातल्या एका औषधानं बोटांतली ताकद जाते, मुंग्या येतात. पेन्सिल हातातून निसटायला लागली, अक्षर थरथरायला लागलं, आणि ज्या मुलीला सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं होतं तिनं वही मिटून ठेवली. ताईनं बाईंना सांगितलं. त्या रात्री बाईंनी पाठवलं, ‘तू बोल, मी लिहिते.’ मग भाची उत्तरं बोलून पाठवायला लागली. बाई ती तिच्या नावाच्या वहीत लिहायच्या, लाल पेनानं तपासायच्या. दाजी पंधरा दिवसांनी गावाहून मुंबईला यायचे तेव्हा ती वही घेऊन यायचे आणि परत जाताना घेऊन जायचे. ताप असेल त्या दिवशी बाईंचा निरोप असायचा, ‘आज अभ्यास नको. आज गोष्ट ऐक.’

एकदा मात्र फसलं. शनिवारी वर्गातल्या मुलांशी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर ती दिसली: केस गेलेले, औषधांनी चेहरा सुजलेला. वर्ग एकदम गप्प झाला. मागच्या बाकावरचं कुणीतरी रडलं. तिनं फोन पालथा घातला आणि आठ दिवस बाईंच्या निरोपालाही उत्तर दिलं नाही. बाईंनी हे मनावर घेतलं. वर्गाला आजाराबद्दल समजावून सांगितलं, तो लागत नाही हे सांगितलं, केस परत येतात हेही सांगितलं. आणि पुढच्या वेळी फोन असा लावला की तिला वर्ग दिसेल, वर्गाला फक्त तिचा आवाज ऐकू येईल.

हे सगळं झाल्यावर नॉर्वेतल्या एका यंत्राबद्दल वाचताना मी थांबले. ऑस्लोत २०१५ साली सुरू झालेल्या ‘नो आयसोलेशन’ या कंपनीनं आजारी मुलांसाठी एव्ही-वन नावाचा लहानसा यंत्रमानव तयार केला. तो वर्गात मुलाच्या बाकावर ठेवतात. घरी किंवा दवाखान्यात असलेलं मूल त्याच्या डोळ्यांतून वर्ग बघतं, त्याची मान वळवतं, त्याच्या तोंडून बोलतं. हात वर करायचा असेल तर त्याच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. आज फक्त बसायचं आहे, बोलायचं नाही, असं सांगायचीही सोय आहे. आणि वर्गाला मूल दिसत नाही, हे त्यांनी जाणूनबुजून ठेवलं आहे. युरोपातल्या अभियंत्यांनी जे विचारपूर्वक घडवलं, ते आपल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना फसलेल्या एका शनिवारातून कळलं. यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. मुलाच्या मनाची कळ मात्र दोघांना सारखीच सापडली होती.

काय करता येईल

इंग्लंडमध्ये आजारपणामुळं शाळेला मुकणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची सोय करणं ही स्थानिक प्रशासनाची कायद्यानं ठरलेली जबाबदारी आहे, आणि शाळेच्या पंधरा दिवसांची गैरहजेरी हा त्यांचा मापदंड आहे. आपल्याकडे महिन्याच्या गैरहजेरीनं मूल शाळाबाह्य ठरतं. त्यांच्याकडे पंधरा दिवसांनी व्यवस्थेची जबाबदारी सुरू होते. हा फरक पैशांचा नाही.

आपल्याकडेही हे होऊ शकतं, आणि त्यासाठी नवीन इमारत, नवीन ॲप लागत नाही. हजेरीपटात गैरहजर आणि हजर यांच्यामध्ये तिसरी खूण हवी: दुरून शिकत आहे. वैद्यकीय चिठ्ठी, स्थलांतराची नोंद किंवा पूर-दरडीसारखी आपत्ती, यांपैकी एक असेल तर मुलाचं नाव कमी होणार नाही, हे लेखी हवं. अशा प्रत्येक मुलामागे एका शिक्षकाचं नाव हवं आणि ते काम त्याच्या तासिकांत धरलेलं हवं. आमच्या बाईंनी ते रात्री स्वयंपाक आवरल्यावर केलं; प्रत्येक शिक्षकाकडून ही अपेक्षा करणं न्यायाचं नाही. अभ्यास थोडा हवा. रोज अर्धा तास, वाचन आणि गणित, आणि त्यातही मुलाची तब्येत पहिली. आठवड्याला एकदा वर्गातल्या मुलांचा आवाज त्याच्या कानांवर पडायला हवा. कारण मुलं अभ्यासाइतकीच बाकावरच्या जागेसाठी झुरतात. परतल्यावर पंधरा दिवस तरी परीक्षेचा धाक नको. जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास झाला होता. एकेका मुलासाठी तसाच एक छोटा सेतू बांधता येईल, साहित्य तयारच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मुलाकडून काहीतरी परत यायला हवं. बोललेलं उत्तर, काढलेलं चित्र, सोडवलेलं एक गणित, काहीही. आणि ते कुणीतरी बघून पुन्हा मुलाकडे पाठवायला हवं. ही फेरी सुरू असेल तोवर मूल शाळेत आहे, मग ते दादरच्या धर्मशाळेत असो की कारखान्याजवळच्या कोपीवर. ही फेरी तुटली की पुढच्या बाकावर बसलेलं मूलही शाळेत नसतं.

बाकावर

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला शाळेत जायची परवानगी दिली. मी मुद्दाम गावी गेले होते. टोपी घालून, तोंडाला मास्क लावून ती गेली. संध्याकाळी आल्यावर काय काय झालं ते मी विचारलं, तर म्हणाली, ‘मावशी, बाईंनी रोजच्यासारखी हजेरी घेतली.’ रोजच्यासारखी म्हणजे कशी, ते तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. ते आठ महिने बाई तिचं नाव वाचायच्या, आणि वर्गातली मुलं आळीपाळीनं उत्तर द्यायची, ‘मुंबईला आहे, बाई.’

यंदा पावसाळ्यात तिच्या वर्गातला एक मुलगा गोठ्याच्या पत्र्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं, तीन महिने झोपून. मी राखी पौर्णिमेला गेले तेव्हा ती ओटीवर बसून गणिताची वही लिहीत होती. पानाखाली कार्बन पेपर घातला होता. अक्षर अजून पहिल्यासारखं झालेलं नाही, म्हणून एकेक आकडा दाबून लिहीत होती, खालच्या पानावर नीट उमटावा म्हणून.

‘त्याच्याकडची वही परत आली का गं?’ मी विचारलं.

‘सोमवारी येती,’ ती म्हणाली. ‘बाई तपासत्यात.’